बैलाचा गुडघा

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांस दरवर्षी भेटते. प्रश्न ग्रामीण कादंबरीवरचा असतो, उत्तरात दुष्काळ किंवा कर्ज किंवा दोन्ही असतात आणि अखेरीस विद्यार्थी लिहितो की बैलाने गुडघे टेकले. या वाक्याखाली आम्ही कधी लाल रेघ ओढली नाही. व्याकरण निर्दोष, प्रतिमा परिचयाची, भाव पोहोचतो. आणखी काय हवे? पण तीन वर्षांपूर्वी एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात आम्ही एक दुपार घालवली, आणि तेव्हापासून हे वाक्य आले की आमचे पेन अडखळते. बैल खाली बसताना आधी जे टेकतो ते त्याचे गुडघे नव्हेत. ती त्याची मनगटे आहेत.

तेथे जाण्याचे कारण साधे होते. अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेला एक विद्यार्थी आता त्या विभागात शिकवतो. जनावरांच्या लंगडण्यावर त्याने पशुपालकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली होती आणि तिची भाषा आम्ही तपासावी असा त्याचा आग्रह होता. आम्ही शेतकऱ्याचे पुत्र, त्यातून भाषेचे अध्यापक. एका बैठकीत काम उरकेल अशा समजुतीने गेलो. पहिल्याच पानावर ‘जानुसंधी’ असा शब्द होता. आम्ही तो खोडला आणि वर ‘गुडघा’ लिहिले. विद्यार्थ्याने ते पाहिले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, आधी हाडं बघून घ्या. मग खोडा.”

लोखंडी चौकटीवर एका बैलाचा सांगाडा उभा होता. त्याच्याजवळ नेऊन विद्यार्थ्याने आम्हांस हात टेबलावर उपडा ठेवायला सांगितला. मग तळवा उचलून केवळ बोटांच्या टोकांवर हात उभा करायला लावला. अंगठा सोडून द्या, म्हणाला. तर्जनी आणि करंगळी मागे घ्या. उरल्या मध्यमा आणि अनामिका. “हा बैलाचा पुढचा पाय.” दोन बोटांच्या टोकांवर, नव्हे नखांवर, कारण खूर म्हणजे नखच, हे जनावर जन्मभर उभे असते. खुराच्या मागे जरा उंचावर जी दोन लहान नख्यांसारखी बोंडे लोंबतात ती मागे घेतलेली तर्जनी आणि करंगळी. अंगठ्याचा मागमूसही उरलेला नाही. घोडा याहून एक पायरी पुढे गेला. त्याने अनामिकाही सोडली आणि एकट्या मध्यमेवर तो धावतो. म्हणून घोड्याच्या टापेला एक अखंड नाल लागतो आणि बैलाच्या एकेका खुराला दोन पत्र्या माराव्या लागतात. पत्री मारताना बैल पाडलेला आम्ही लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. पत्र्या दोन का, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. ज्या बोटाला आपण नावच दिले नाही, ‘अनामिका’ म्हणून मोकळे झालो, त्या बोटावर गाडीच्या ओझ्याचा केवढा भार गेला असेल, असा एक विचार तेथे मनात येऊन गेला. तो भाषेच्या मास्तराचा विचार होता. विद्यार्थ्याला तो आम्ही सांगितला नाही.

बोटांच्या वर नळी. तिला आमच्या गावी नळीच म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. आपल्या तळव्यातली मध्यमेची आणि अनामिकेची अशी दोन हाडे एकजीव होऊन ती झालेली असते. जोडाची खूण म्हणून पुढच्या अंगाला एक उभी खाच शिवणीसारखी राहते आणि खालच्या टोकाला ती नळी पुन्हा दुभंगते, कारण पुढे दोन बोटांना दोन वाटा हव्यात. नळीच्या वर सहा लहान हाडे, वरच्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत दोन. हे मनगट. याच जागेला आपण सर्वजण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो. त्याच्याही वर अग्रबाहूची दोन हाडे. माणसात ती एकमेकांभोवती फिरतात, म्हणून आपल्याला तळवा उताणा करून काही मागता येते. बैलात ती दोन्ही सांधलेली असतात. त्याला तळवा उताणा करता येत नाही.

खांद्यापाशी आम्ही अधिक वेळ रेंगाळलो. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी होते. बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुऊन त्यांना हळद आणि लोणी चोळायचे, हे काम आमच्याकडे असे. आम्ही चोळत होतो ती जागा वशिंडाच्या पुढची, मानेच्या मुळाची, जेथे जू बसते. खरा खांद्याचा सांधा तेथून कितीतरी खाली, छातीच्या पुढच्या कोपऱ्यावर असतो. अंसफलक, म्हणजे खांद्याचे पसरट त्रिकोणी हाड, बरगड्यांवर नुसते टेकलेले असते. बैलाला गळपट्टीचे हाड नाही. मांजरात त्याची एक बारीक काडी स्नायूत तरंगत असते. गाय, घोडा, डुक्कर यांच्यात तेवढीही नाही. त्यामुळे पुढचे पाय धडाला कोणत्याही हाडाने जोडलेले नाहीत. अंगाचा निम्म्याहून अधिक भार ते पेलतात आणि तरी केवळ मांसाच्या झोळीने ते धड दोन पायांच्या मधे टांगलेले असते. मागे मात्र श्रोणिमेखलेचे पक्के कडे आहे, कण्याला घट्ट बांधलेले. पुढे झोळी, मागे कडे. गाडी चढावर लागली की मागून रेटा येतो आणि पुढे हिसका जिरतो, ते यामुळे.

या विद्येच्या ग्रंथांत एक गंमत आहे आणि ती साहित्याच्या लोकांना आवडावी. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले १८८६ साली. इंग्रजी अमदानीत ही विद्या बव्हंशी लष्कराच्या घोड्यांभोवती वाढली. सिसन यांचे शरीररचनेवरील पाठ्यपुस्तक १९१० साली निघाले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानले गेले; त्यात घोडा नायक आहे. प्रत्येक हाडाचे वर्णन आधी घोड्याचे, सविस्तर. मग बैल, डुक्कर, कुत्रा यांच्यात काय वेगळे तेवढे सांगायचे. ज्या देशात नांगर, मोट, गाडी आणि मळणी बैलावर चालली त्या देशातला विद्यार्थी बैल शिकला तो घोड्याहून वेगळा काय, अशा रीतीने. १९६४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राघवन यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बैल आधी येतो, आणि घोडा, कुत्रा, कोंबडी तुलनेपुरती. तळटीप वर आली आणि मजकूर खाली गेला. वाङ्मयेतिहासात अशा घटनेवर परिसंवाद झाले असते.

सांगाड्याच्या मागच्या भागाकडे वळलो. श्रोणीच्या प्रत्येक बाजूस तीन हाडे, आणि तिन्ही जेथे भेटतात तेथे एक खोलगट वाटी; मांडीच्या हाडाचे गोल डोके तीत फिरते. लॅटिनमध्ये तिचे नाव शिरक्याच्या पेल्यावरून पडले आहे. आपल्याकडे ती उलूखल, म्हणजे उखळ. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत उलूखल हा एक आहे. शिरक्याच्या पेल्यापेक्षा उखळ आम्हांस अधिक पटते, कारण उखळीत काहीतरी सतत हलत असते. बैलाची ही उखळ उथळ असते, आणि घोड्याच्या मांडीच्या हाडाला आत बांधून ठेवणारा जो एक जादा बंध असतो तो गाईबैलांत नसतो. म्हणून घोडी सहसा सरळ मागे लाथ मारते, तर गाईची लाथ बाजूने फिरून पुढे येते. धारेला बसलेल्या कोणालाही हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. त्याच कारणाने चिखलात घसरून खुब्यातून निखळण्याचे भयही गाईबैलांनाच अधिक.

आमच्या घरी श्रोणीचे शास्त्र आईकडे होते, अर्थात ते नाव तिने कधी ऐकले नव्हते. गाय दिवसांत आली की संध्याकाळी ती शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बोटे दाबून पाही. एरवी तेथे दोरखंडासारखे ताठ लागते. त्रिकास्थीपासून बैठकीच्या हाडापर्यंत जाणारा तो रुंद बंध असतो. विण्याची वेळ जवळ आली की तो सैल पडतो आणि तेथे खड्डे दिसू लागतात. आई म्हणे, “आज रातीला कुणी झोपू नगा.” आणि ते बहुधा खरे ठरे. वासरू अडले की पुरुषमंडळी जोर करून सरळ मागे ओढत, ती ओरडे, “खाली वडा, खाली! मागं न्हाई!” गाईच्या श्रोणीची वाट अंडाकृती आणि अरुंद असते, तिचा तळ खोलगट असून शेवटी वर चढतो. घोडीची वाट गोल आणि बरीच सरळ. वासराचे डोके आणि छाती बाहेर आली की पुढचे ओढणे जमिनीकडेच हवे, हे विद्यार्थ्याने आम्हांस सांगाड्यातून हात घालून दाखवले तेव्हा आम्ही गप्प राहिलो. ती आज्ञा आम्ही कंदील धरून अनेकदा ऐकली होती.

मग त्याने मागचा पाय खालून वर दाखवायला घेतला. खूर, नळी, आणि नळीच्या वर तो मागे टोक काढलेला सांधा. या टोकाला वरून येणारी जाड दोरी म्हणजे धोंडशीर. “ही टाच,” तो म्हणाला. जनावराचा मागचा गुडघा उलटा वाकतो असे आपण पोरांना सांगतो. तो गुडघा नसतोच, उचललेली टाच असते. आम्ही विचारले, मग गुडघा कुठे? त्याने हात वर नेला, आणखी वर, पोटाच्या कडेपर्यंत, जेथे कातडीची घडी मांडीला मिळते. तेथे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन उभे कंगोरे होते, आतला बाहेरच्यापेक्षा बराच मोठा. त्याने एक सुटे हाड आमच्या हातावर ठेवले. मुठीत मावणारे, एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. “गुडघ्याची वाटी. हिला खाली तीन बंध असतात. कधीकधी वाटी वर सरकते आणि आतला बंध या कंगोऱ्यावर आकड्यासारखा अडकतो. मग पाय मागे ताणलेलाच राहतो, खूर जमिनीवर घासत जातो, आणि एकदम झटक्याने सुटतो. आपल्या बैलांत, म्हशींत पुष्कळ दिसतं.”

आम्ही ते हाड खाली ठेवले नाही.

१९८३ साली आम्ही सातवीत होतो. माणदेशात आमची आठ एकर कोरडवाहू जमीन आणि खिल्लाराची एक जोडी, हरण्या आणि पाखऱ्या. हरण्या चौसा असताना अण्णांनी तो आणला होता. त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तो सकाळी दावणीतून निघाला की पहिली काही पावले मागचा डावा पाय ओढू लागला. पाय काठीसारखा मागे ताणलेला, खुराचे टोक मातीत रेघ काढत जाई. मग एक हिसका बसे आणि पाय पोटाकडे उडे. आठवड्याभरात हे दिवसभर होऊ लागले. अण्णांनी शेजारच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरांना आणले. त्यांनी बैलाला चालवून पाहिले आणि सांगितले, “अण्णा, गुडघ्याची वाटी अडकतीय. तालुक्याला न्या, शीर तोडून देतील. लगेच चालंल.”

निदान अचूक होते हे आम्हांस चाळीस वर्षांनी कळले. आतला बंध कापायचा, कातडीला लहानशी चीर, जागा बधिर करून काही मिनिटांचे काम, आणि बहुतेक जनावरे त्याच पावली नीट चालत जातात. पण अण्णांनी ऐकले ते वेगळेच. गुडघा म्हणजे त्यांच्या लेखी, गावाच्या लेखी, आमच्याही लेखी मागचा तो टोक काढलेला सांधा. आणि त्या सांध्यावरची शीर म्हणजे धोंडशीर. ती तोडली की जनावर कायमचे बसते हे शेतकऱ्याचे पोरही जाणते; वैऱ्याच्या बैलांच्या धोंडशिरा रात्रीत तोडल्याच्या कथा आम्ही ऐकून होतो. डॉक्टर गेल्यावर अण्णा कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “शीर तोडल्यावर बैल हुबा तरी ऱ्हाईल का? ह्यांना काय, त्यांचा थोडाच हाय.”

त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. जे शब्द त्यांच्या कानांवर पडले त्यांचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ तोच होता, आणि त्या अर्थाने त्यांचा नकार शहाणपणाचाच होता. ‘शीर’ हा मराठी शब्द रक्तवाहिनीलाही चालतो, स्नायूच्या दोरीलाही आणि हाडाला हाड बांधणाऱ्या बंधालाही. ‘ढोपर’ म्हणावे तर काही भागात तो गुडघा आणि काही भागात कोपर. तरीही सारा दोष शब्दांवर ढकलण्याचा मोह आम्ही आवरतो. ती आमच्या व्यवसायाची खोड आहे. तालुका लांब होता, लंगडता बैल तेथवर नेणार कसा, पाऊस डोक्यावर आला होता आणि पदरी पैसा नव्हता. शब्द नेमका असता तरी अण्णा गेले असते, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यांनी डाग देणारा बोलावला. हरण्याला पाडले, चारी पाय बांधले. अण्णांनी त्याच्या मानेवर आपला गुडघा दिला आणि वेसण आमच्या हातात दिली. विळा लाल करून त्या माणसाने मागच्या सांध्यावर, म्हणजे टाचेवर, तीन आडव्या रेघा ओढल्या. वास अजून आठवतो. हरण्याचा डोळा आमच्या हातापासून वीतभर होता. दुखणे होते तेथून हातभर खाली, अगदी निरोगी टाच भाजली जात होती, आणि तिन्ही माणसांना आपण उपचार करतो आहोत याची खात्री होती.

जखम चिघळली. पेरणी आम्ही इर्जिकीवर उरकली. पुढच्या महिन्यात अण्णा त्याला बाजारात घेऊन गेले. आम्हीही बरोबर होतो. व्यापाऱ्याने दोनदा चालवून पाहिले, तिसऱ्यांदा पाहिलेच नाही. उपरण्याखाली अण्णांची बोटे धरून त्याने काय आकडा सांगितला तो अण्णांनी घरी कोणालाच सांगितला नाही. तसले बैल तेव्हा कोठे जात हे आम्हांस ठाऊक होते. येताना अण्णांनी हरण्याचे दावे खांद्यावर टाकून आणले, आणि ते पुढे पुष्कळ दिवस गोठ्यात खुंटीला टांगलेले होते.

अण्णांना जाऊन आता पंधरा वर्षे होऊन गेली. ते असते तर वाटीची हकीकत त्यांना सांगितली असती काय, याचा विचार त्या दुपारी परतताना एसटीत आम्ही केला आणि उत्तर सापडले नाही. रात्री गावी आईला फोन केला. ती आता पंचाहत्तरीची आहे, धाकट्याकडे असते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आम्ही सहज विचारल्यासारखे विचारले, “आई, गाईच्या मागच्या पायाचा गुडघा कुठं असतो गं?”

“पोटाच्या कडंला. धार काढताना मी डोकं टेकते न्हवं, तितं. आत वाटी हलती, कपाळाला लागती.”

“मग हरण्याच्या वेळी बोलली का नाहीस?”

पलीकडे थोडा वेळ नुसता आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “मला काय म्हाईत डाग्दर त्येच गुडघं म्हनत व्हता. मी आत हुते. बाप्यांनी बैल पाडल्यावर आमाला कोन बोलावतंय?” आणि जेवलास का, म्हणून विचारले.

पुस्तिकेचे काम पुढे आठवडाभर चालले. ‘जानुसंधी’ शेवटी ठेवला नाही, ‘गुडघा’ ठेवला. मात्र बैलाचे मोठे चित्र घालून त्यावर बाण काढले आणि मागच्या सांध्यापाशी ठळक अक्षरांत ‘टाच’ असे छापले. ‘शीर तोडणे’ सर्वत्र काढून टाकले, ‘वाटीचा आतला बंध कापणे’ असे लिहिले, आणि धोंडशिरेला यात हात लागत नाही हे एक वाक्य आम्ही हट्टाने स्वतंत्र ओळीवर घेतले. चित्राखाली आईचे वाक्य असावे असे आम्ही सुचवले: धार काढताना डोके टेकते तेथे गुडघा. विद्यार्थी हसला. “सर, पण बैलाची धार कोण काढतो?”

तेव्हा ते असे केले: गाईच्या धारेला बसल्यावर जेथे डोके टेकते, बैलाचाही गुडघा तेथेच असतो.